त्वचेची टिचबटणं

बहुतेक वेळा सुरुवात तोंडातून होते. गाल आतून सोलवटतो, हिरड्या झोंबतात, भाकरीचा पापुद्रा टोचतो, आमटी सोसत नाही. घरचे म्हणतात, "उष्णता झाली असेल, तोंड आलंय." बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होतात, जाईचा पाला चघळून होतो, दातांच्या डॉक्टरांकडे फेरी होते. यात महिने जातात. मग एक दिवस छातीवर नाहीतर पाठीवर पाण्याचा फोड येतो. ढिला, लिबलिबीत, कपडा घासला तरी फुटणारा. फुटल्यावर खाली लालभडक ओली जखम उरते आणि ती भरायचं नाव घेत नाही.

हा पेम्फिगस व्हल्गॅरिस. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाला शिवल्याने किंवा त्याच्या ताटात जेवल्याने तो कुणालाही होत नाही. हे आधीच ठासून सांगतो, कारण अंगावर फोड दिसले की माणसं हात आखडता घेतात आणि ते दुखणं फोडांइतकंच जिव्हारी लागतं.

या फोडात नेमकं काय उसवतं? त्वचेचा सगळ्यात वरचा थर बहुतेक अंगावर जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असतो. त्यात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात, पण त्यांना जोडणाऱ्या वस्तूला बाळाच्या झबल्याची उपमा जास्त शोभते. प्रत्येक पेशीच्या कडेला अतिसूक्ष्म टिचबटणं असतात. अर्धं बटण या पेशीचं, अर्धं शेजारणीचं. त्यांना डेस्मोसोम म्हणतात, आणि पलीकडचीला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला डेस्मोग्लीन. पोतं पाठीवर घेताना, धुणं पिळताना त्वचा उलगडत नाही, त्यात या बटणांचा वाटा फार मोठा आहे.

पेम्फिगसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा याच प्रथिनाला परकं समजते आणि त्याच्यावर प्रतिपिंडं सोडते. पेशींचा बळी घेऊन फोड सुरू होत नाही. पेशी नुसत्या एकमेकींना सोडून देतात. 1896 मध्ये निकोल्स्की या डॉक्टरांनी एक खूण नोंदवली. फोडाशेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या त्वचेवर बोट दाबून सरकवलं, तर उकडलेल्या टोमॅटोच्या सालीसारखा वरचा पापुद्रा सरकून येतो. आजही त्वचारोगतज्ज्ञ ही खूण बघतात.

पक्कं निदान मात्र बायोप्सीने होतं, आणि इथे तुकडे दोन लागतात. पहिला ताज्या फोडाच्या कडेचा, फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात फट दिसते. सगळ्यात तळच्या पेशी खालच्या पडद्याला घट्ट धरून ओळीने उभ्या आणि वरचं छप्पर उडालेलं. कबरींवरच्या दगडांची रांग, असं या चित्राला म्हणतात. दुसरा तुकडा फोडाच्या बाजूच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा. तो फॉर्मेलिनमध्ये घालायचा नाही. घातला तर पुढची तपासणी वाया जाते. त्यावर प्रतिपिंडांना चिकटणारा चमकता रंग टाकतात आणि अंधाऱ्या खोलीत पाहतात. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवंगार जाळं उजळतं, मासेमारीच्या जाळ्यासारखं. जाळ्याचा प्रत्येक डोळा म्हणजे एक पेशी आणि प्रत्येक धागा म्हणजे हल्ला झालेली सीमा. रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडं असतात, हे बफेलो शहरात बॉइटनर आणि जॉर्डन यांनी 1964 मध्ये दाखवून दिलं.

पण सुरुवात तोंडातूनच का? याचं उत्तर मला सगळ्यात थक्क करतं. टिचबटणं दोन वाणांची असतात. डेस्मोग्लीन 3 त्वचेच्या खालच्या थरांत जास्त, डेस्मोग्लीन 1 वरच्या थरांत जास्त. तोंडाच्या अस्तराची सारी भिस्त 3 वर. एकट्या 3 वर हल्ला झाला तर त्वचा 1 च्या आधाराने तग धरते, तोंड मात्र उसवतं. पुढे 1 वरही प्रतिपिंडं तयार झाली की अंगावर फोड येतात. हाच हिशोब गर्भातही लागू पडतो. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि क्वचित बाळ फोड घेऊनच जन्मतं. उसनी प्रतिपिंडं संपली की काही आठवड्यांत ते बरं होतं. आईच्या शरीरात फक्त 1 च्या विरुद्ध प्रतिपिंडं असतील, तर बाळ बहुधा सुटतं, कारण नवजात त्वचेत सगळ्या थरांना 3 चा आधार असतो.

उतारवयात होणारा पेम्फिगॉइड हा याचा चुलतभाऊ. त्यात खाज फार आणि फोड टणक, कारण त्वचा जास्त खोलवर सुटते आणि फोडाचं छप्पर जाड राहतं. सूक्ष्मदर्शकात जाळं नाही, एकच हिरवी रेघ दिसते. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या काहींमध्ये तो चेतवतात. तसा संशय आला तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावं.

स्टेरॉइड येण्याआधी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. स्टेरॉइडने जीव वाचले, पण रोजच्या मोठ्या डोसाने हाडं, साखर, रक्तदाब यांची दैना व्हायची. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी ऐंशीच्या दशकात वेगळी वाट काढली. दर 28 दिवसांनी, सलग 3 दिवस, 100 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सलाईनमधून, जोडीला सायक्लोफॉस्फामाइड. देशभरातल्या त्वचारोग विभागांनी ही 'पल्स' पद्धत उचलली. आता रिटुक्सिमॅब आहे. ते प्रतिपिंडांच्या मागे धावत नाही, ती घडवणाऱ्या पेशींच्या घराण्यालाच गाठतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या 90 रुग्णांच्या अभ्यासात, रिटुक्सिमॅब आणि थोडे दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 89 टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना बरे होते. नुसत्या स्टेरॉइडवरच्यांत 34 टक्के.

औषध लागू पडेपर्यंतचे दिवस मात्र कठीण. सोलवटलेल्या पाठीला चादर चिकटते आणि उठवताना नवी कोवळी त्वचाही ओढून नेते. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांसाठी केळीच्या पानांचा नीट अभ्यास केला; तेच पान पेम्फिगसच्या खाटेवरही कामाला येतं. मधली शीर काढून, निर्जंतुक करून ते अंथरतात. ते गार असतं, मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही. त्यावर रुग्णाला रात्री कूस बदलता येते.