मंगळवारची गोळी

कवीचं अक्षर वाईट असेल तर फार तर ओळीचा अर्थ बदलतो, आणि समीक्षक त्यातूनही काहीतरी चांगलं शोधतात. डॉक्टरांच्या अक्षराचं तसं नाही. इंग्लंडमध्ये एका डॉक्टरांनी ‘अमॉक्सिल’ हे जंतुविरोधी औषध लिहिलं. दुकानात ते ‘डाओनिल’ वाचलं गेलं. ही मधुमेहाची गोळी, आणि रुग्णाला मधुमेह नव्हताच. त्याची साखर इतकी उतरली की मेंदूला कायमची इजा झाली. १९८९ मध्ये अपील कोर्टानं पाव दोष डॉक्टरांवर ठेवला आणि पाऊण औषधविक्रेत्यावर. चिठ्ठीत मात्रा २५० मिलिग्रॅमची होती, डाओनिलची गोळी ५ मिलिग्रॅमची. अक्षर लागलं नाही तरी आकड्यानं शंका यायला हवी होती.

हे मला पूर्वी परदेशातलं वाटायचं. मग माझ्या थोरल्या बहिणीची पाळी आली. तिला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं, आठवड्यातून एकदा. दुसऱ्या गावातल्या दुकानदारानं पाकिटावर लिहिलं, ‘रोज १’. ती इमानेइतबारे रोज घेत राहिली. तोंड आलं म्हणून मी लोणी काळभोरातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात मलम मागायला गेलो. फार्मासिस्टनं मलम काढलंच नाही. “चाचा, मावशींना दुसऱ्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? पाकीट आणा आधी.” पाकीट पाहून तो काउंटरबाहेर आला आणि म्हणाला, “आजची गोळी देऊ नका. आत्ता दवाखान्यात न्या.” रक्तातल्या पेशी उतरल्या होत्या. आपा वाचली, पण ते आठ दिवस मला एक ओळ सुचली नाही.

तेव्हापासून मी त्याच्या दुकानात उभा राहून बघत असतो. चिठ्ठी हातात आली की तो आधी औषध नाही, माणूस वाचतो: नाव, वय, तारीख, डॉक्टरांची सही. मग औषधाचं नाव, ताकद, किती वेळा, किती दिवस. शंका आली तर फोन उचलतो. अंदाजानं पुडी बांधत नाही. अनुसूची ‘एच’मधल्या औषधाच्या जागी दुसऱ्या कंपनीचं औषध परस्पर द्यायला नियमात मनाई आहे. २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ यादीतली औषधं, म्हणजे काही भारी अँटिबायोटिक वगैरे, वेगळ्या वहीत नोंदवावी लागतात आणि ती वही ३ वर्षं जपावी लागते. गिऱ्हाईक कुरकुरतं, “एवढी काय चौकशी?”

तुकोबांची पालखी लोणीत मुक्कामाला आली की रिकामी स्ट्रिप पुढे येते, “माउली, अशीच द्या.” रक्तदाबाच्या गोळ्यांत एकाच नावापुढे नुसता ‘एच’ आला की त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, ‘एएम’ आलं की अ‍ॅम्लोडिपिन. नाव तेच, गोळी वेगळी.

लहान मुलांच्या तापाच्या औषधात तर तो बाटली हातात धरूनच समजावतो. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपात ५ मिलीला १२५. म्हणजे थेंब चौपट कडक. चमच्यानं थेंब पाजले तर काय होईल, तुम्हीच हिशेब करा. इन्सुलिनचंही तसंच. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं त्याच खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट जातं. रोजे असोत की एकादशी, दुपारची गोळी कधी घेता हेही तो विचारतो, आणि वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारायला लावतो.

स्ट्रिप कापताना मुदतीची तारीख छापलेली बाजू तो शेवटपर्यंत राखतो. ही साधी गोष्ट, पण कितीजण करतात?

फार्मसी कायदा १९४८ चा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं, असं त्यात आहे. तरी भिंतीवर परवाना एकाचा आणि काउंटरवर भाचा, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, अशा दुकानांवर जोरात कारवाई झाली. विक्रेत्यांनी बंद पुकारले. मला तेव्हा दुकानदारांची दया आली होती. आता येत नाही.

आपाच्या नव्या पाकिटावर त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘फक्त मंगळवारी’. त्याखाली तिनं स्वतः उर्दूत लिहून ठेवलंय, मंगल.