अंगठा मुरगळला की तुटला? हैदराबादचं कोडिंग आणि आपले कागद



बोटीवर हाताला मार बसला की आपल्याकडे शब्द एकच, "मुरगळला". दोराला झटका बसून अंगठा मागे गेला, मुरगळला. ओल्या फळीवर पाय सरकला, हात टेकला, कोपर मुरगळलं. पण हाच मार कागदावर जातो तेव्हा त्याचे वेगवेगळे प्रकार होतात आणि त्यावरच पैसे मिळतात किंवा अडतात. हे प्रकार ओळखून त्यांना आकडे लावणं हे हैदराबादेत हजारो मुलामुलींचं रोजचं काम आहे. त्याला मेडिकल कोडिंग म्हणतात. आपली बीएस्सी, बीफार्म झालेली मुलंही तिकडे जायचं म्हणतात. म्हणून ते काम काय आहे आणि त्यातून आपण घरी काय शिकायचं, दोन्ही सांगतो.

अमेरिकेतला डॉक्टर रुग्ण तपासून नोंद लिहितो. ती नोंद हायटेक सिटी, गच्चीबावलीसारख्या भागातल्या ऑफिसांत संगणकावर उघडते. कोडर ती वाचून दोन तऱ्हेचे कोड लावतो. दुखापतीचा कोड आयसीडी-१०-सीएमच्या यादीतून आणि इलाजाचा सीपीटीच्या यादीतून. तिथली विमा कंपनी हे कोड बघून पैसे देते.

आता आपल्या अंगठ्याचंच उदाहरण घेऊ. सांध्याची दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा म्हणजे लिगामेंट. अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीच्या बाजूला असा एक पट्टा असतो. त्याला डॉक्टर थोडक्यात यूसीएल म्हणतात. गंमत अशी की कोपराच्या आतल्या, अंगाकडच्या पट्ट्यालाही यूसीएलच म्हणतात. नाव एक, सांधे दोन. नोंदीत नुसतं "यूसीएल फाटलं" असेल तर कोडरने आधी सांधा कुठला ते शोधायचं.

उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा मुरगळला तर कोड एस६३.६४१ए, डावा असेल तर एस६३.६४२ए. उजव्या कोपराचं यूसीएल मुरगळलं तर एस५३.४४१ए आणि तेच पूर्ण तुटलं तर एस५३.३१एक्सए. म्हणजे कोपराला मुरगळणं वेगळं आणि तुटणं वेगळं. अंगठ्याला मात्र पेच आहे. बोटांचे पट्टे तुटल्याची जी यादी आहे, तिच्यात तर्जनीपासून करंगळीपर्यंत प्रत्येक बोटाला जागा आहे, पुढे "इतर बोट" आहे, पण अंगठ्याची स्वतंत्र ओळ नाही. म्हणून तुटलेल्या अंगठ्याच्या कोडवर नवे कोडर अडतात.

शेवटच्या अक्षरावरही चूक होते. 'ए' म्हणजे पहिली भेट असं शिकाऊ मुलं समजतात. खरं तर इलाज चालू आहे तोवर 'ए', ऑपरेशनलासुद्धा. पुढे बरं होतानाच्या तपासणीला 'डी', आणि दुखणं मागे दोष ठेवून गेलं तर 'एस'.

ऑपरेशनचे कोडही वेगळे. अंगठ्याचा फाटलेला पट्टा शिवला तर २६५४०, दुसरीकडचा स्नायुबंध घेऊन नवा केला तर २६५४१. कोपराच्या आतल्या पट्ट्याला हेच २४३४५ आणि २४३४६.

या कामाचा मोठा नियम एकच: डॉक्टरने लिहिलं नाही ते कोडरने धरायचं नाही. फोटोत हात डावा दिसतो म्हणून डावा लिहायचं नाही. शंका आली तर डॉक्टरला विचारायचं.

हाच नियम आपल्या घरालाही लागू आहे. आपल्याकडच्या मेडिक्लेमच्या फॉर्ममध्येही दवाखान्याने भरायच्या भागात आयसीडी-१० ची जागा असते. मच्छीमारांचा गट अपघात विमाही प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत आहे. त्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि अपघातात दवाखान्यात दाखल झालं तर २५ हजारांपर्यंत अशी तरतूद आहे. ही योजना राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळामार्फत चालते. त्याचं माशाच्या आकाराचं ऑफिस हैदराबादेतच आहे. केसपेपरवर नुसतं "हाताला दुखापत" असेल तर तिथे बसलेला माणूस तरी काय करणार?

अंगठ्याची किंमत कायद्यालाही माहीत आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरलं होतं. बोटमालकांनी हे ध्यानात ठेवावं.

आता इलाजाचं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. "एक्स-रे साफ आहे" म्हणजे पट्टा शाबूत आहे असं नाही. अंगठ्याचा पट्टा पूर्ण तुटला की कधीकधी त्याचं टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्याबाहेर अडकतं. मग तो कितीही लेप लावला, बांधला तरी जुळत नाही, ऑपरेशनच लागतं. म्हणून दोर धरताना अंगठा बाहेर पडत असेल, चिमटीत जोर येत नसेल, तर मालीश करत बसू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच हाडांच्या डॉक्टरला दाखवा. उशीर झाला की साधं शिवणं जमेलच असं नाही.

दवाखान्यातून निघण्याआधी केसपेपरवर एवढं लिहिलं आहे ना ते पाहा:
१. हात डावा की उजवा.
२. सांधा कुठला: अंगठा, मनगट की कोपर.
३. मुरगळला, अर्धा फाटला की पूर्ण तुटला.
४. कधी आणि कसं झालं: तारीख, वेळ, बोटीवर कुठलं काम चालू असताना.
नसेल तर तिथेच नम्रपणे सांगा, "डॉक्टर, हे लिहून द्या." घरी आल्यावर बदल करून मिळणं कठीण.

कोडिंगला जाणाऱ्या मुलांसाठी: सीपीसी ही अमेरिकेतल्या एएपीसी संस्थेची परीक्षा आहे. १०० प्रश्न, ४ तास, कोडची पुस्तकं उघडी ठेवता येतात, पास व्हायला ७० टक्के लागतात. शरीररचना पक्की करा. अमीरपेठेत क्लास भरपूर आहेत, पण नोकरीची हमी देऊन आधी डिपॉझिट मागणाऱ्याला पैसे देऊ नका. कंपनीचं नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय घर सोडू नका.

विम्याच्या यादीत आपलं आणि आपल्या खलाशांचं नाव आहे का, ते सोसायटीच्या ऑफिसात येऊन बघून जा. येताना आधार आणि बँकेचं पासबुक आणा. कुणाचा दुखापतीचा केसपेपर असेल तर तोही आणा, आपण एकत्र बसून वाचू.