न जिंकलेल्या दिल्लीची सनद (लेखांक नववा)

संताजी आणि धनाजी यांच्या घोडदौडीचे वर्णन या खेपेस करीन असे मी मागील लेखांकाच्या अखेरीस कबूल करून बसलो होतो. परंतु दरम्यान वाईच्या एका वाचकांचे कार्ड आले आणि त्याने माझा बेत पार विस्कटून टाकला. हणमंतराव घोरपड्यांस राजाराम महाराजांनी जिंजीहून दिलेल्या सनदेचा मी ओझरता उल्लेख केला होता, त्यावर ते विचारतात, "जो मुलूख स्वतःच्या कबजात नाही त्याच्या जोरावर सरंजाम लिहून देणे ही धन्याने चाकराची केलेली शुद्ध फसवणूक नव्हे काय?" प्रश्न रोखठोक आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्या आवडत्या खोडीला हात घालणारा आहे, तेव्हा घोडी आठवडाभर पागेतच राहोत.

सनद 1691 सालची. रायगड पडून दोन वर्षेही लोटली नव्हती. येसूबाईसाहेब आणि बालवयाचे शाहूराजे बादशाही छावणीत कैदेत होते. राजा शेकडो कोस दूर कर्नाटकात, आणि तेथेही मोगल सरदार झुल्फिकारखान जिंजी गडाच्या पायथ्याशी ठाण मांडून बसलेला. अशा समयी हणमंतराव व कृष्णाजी घोरपडे यांस सहा लक्ष होनांचा सरंजाम लिहून दिला जातो, तो असा की काही रक्कम रायगड प्रांत सोडविल्यावर, काही विजापूर घेतल्यावर, तितकीच भागानगर घेतल्यावर, तितकीच औरंगाबाद घेतल्यावर, आणि सर्वांत मोठा हिस्सा प्रत्यक्ष दिल्ली हस्तगत झाल्यावर मिळावा! स्वतःच्या राजधानीचा गड ज्याच्या हाती उरलेला नाही तो दिल्लीच्या होनांची वाटणी करतो, याला कोणी बाष्कळपणा म्हणेल. पण फसवणुकीला एक पक्ष अजाण असावा लागतो. घोरपडे अजाण नव्हते. खजिना रिता आहे हे देणाऱ्यास जितके ठाऊक होते तितकेच घेणाऱ्यासही होते. तिकडे बादशहापाशी रोकड होती, मनसबी होत्या, वतनांची फर्माने होती, आणि ती पदरात पाडून घेण्यास आपलेच देशमुख छावणीची वाट तुडवीत होते. या लिलावात महाराजांपाशी बोली लावण्यास एकच वस्तू शिल्लक होती, ती म्हणजे उद्याचा दिवस. आणि ती त्यांनी अवसान न गाळता, रकमा फोडून, प्रांतवार लिहून दिली.

फार वर्षांपूर्वी मोडीची अक्षरे नुकती लागू लागली होती तेव्हा, एका दफ्तरात या काळचा रुमाल मोठ्या उत्सुकतेने सोडला आणि लढायांचे वृत्तांत हाती लागतील या आशेने दिवसभर चाळीत बसलो. निघाले काय? अमुक गावची पाटीलकी, तमुक तर्फेची देशमुखी, कोणाचे वतन अमानत झालेले, कोणाचे दुमाला करण्याविषयीचे. संध्याकाळी मी हिरमुसून उठलो. ज्याला आपण मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध म्हणतो ते तलवारीइतकेच या रूक्ष कागदांनीही लढले गेले, हे उमजण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

महाराष्ट्रात हे कागद ज्याच्या मुखत्यारीने चालत होते तो पुरुष म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. राजा जिंजीस जाताना इकडील सर्व अखत्यार त्यांच्या हाती देऊन गेला आणि 'हुकूमतपन्हा' हा फारसी किताब त्यांस मिळाला. परंतु पंतांची खरी कसोटी मला निराळीच वाटते. हा गृहस्थ शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत बसलेला. चाकरीचा मोबदला रोकड द्यावा, लष्करी चाकरीसाठी मुलूख तोडून देऊ नये, वतनदारांस डोईजड होऊ देऊ नये, ही थोरल्या महाराजांची रीत त्याने जवळून पाहिलेली. वतनाची लालूच दाखवून माणसे जोडणे हे विष आहे हे दौलतीत ज्यांस पक्के ठाऊक होते त्यांत हे अग्रगण्य, आणि ते विष स्वहस्ते वाटण्याचा प्रसंग त्यांच्यावरच यावा! सुटून गेलेल्या देशमुखास कौल देऊन बोलावणे, काल शत्रूस मिळालेल्याचे वतन आज त्याचे त्यास बहाल करणे, उद्या तो पुन्हा गेला तर परवा पुन्हा कौल पाठविणे, हे वर्षानुवर्षे करीत राहण्यास जी चिकाटी लागते तिच्यापुढे एखाद्या गडावर धारातीर्थी पडणे मला सोपे वाटते. माझे हे मत पुष्कळांस रुचणार नाही याची मला जाणीव आहे.

1715 मध्ये, कोल्हापूरकर संभाजीराजांच्या कारकिर्दीत, पंतांनी 'आज्ञापत्र' सिद्ध केले. त्यातील वतनदारांविषयीचे प्रकरण कार्डकर्त्यांनी अवश्य वाचावे. हे लोक राज्याचे वाटेकरी आहेत, परचक्र येताच वतनाच्या लोभाने शत्रूस आधी हेच भेटतात, सबब यांस गोडीने आणि दंडाने, दोहोंनी बांधून ठेवावे, असा त्यातील आशय आहे. दुसऱ्याने लिहिले असते तर ही नुसती राजनीती ठरली असती. ज्याने स्वतः कौल पाठविले त्याने लिहिल्यामुळे ती जबानी ठरते. आपण केले ते निरुपायाने केले, पुढच्याने ते वहिवाट म्हणून चालवू नये, हे सांगण्यास पंत कचरले नाहीत. पुढच्यांनी ऐकले नाही, आणि सरंजाम वंशपरंपरा होऊन बसले, ही कथा निराळी.

तर वाईकरांस माझे उत्तर असे की ती फसवणूक नव्हती, कर्ज होते. फेडीचा बोजा मात्र नातवंडांवर पडला. आणि दिल्लीचे म्हणाल, तर सनदेनंतर अठ्ठावीस वर्षांनी, 1719 साली, पेशवे बाळाजी विश्वनाथाबरोबर मराठी फौज दिल्लीत दाखल झाली, ती शहर जिंकण्यास नव्हे, तर चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणण्यास. त्याच सुमारास, तीस वर्षांच्या कैदेनंतर, येसूबाईसाहेब सुटून स्वदेशी आल्या.