वाफा येतात कुठून?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे : ‘वय ५१. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. बसल्या बसल्या छातीपासून कानशिलांपर्यंत वाफ चढते, रात्री उशी घामाने भिजते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. खरंच का हो?’

नाही, ताई. हे घडतं डोक्यातच, पण मनाचे खेळ म्हणून नव्हे. ज्या पेशी हे घडवतात त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्या ज्यांनी दाखवल्या त्या नेओमी रान्स यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत आहे.

रान्स अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या मेंदूविकृतितज्ज्ञ. शवविच्छेदनातून मिळालेले मेंदू तपासताना त्यांना हायपोथॅलॅमसच्या एका कोपऱ्यात काही पेशी फुगलेल्या दिसल्या, आणि त्याही पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये. हे त्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की या पेशींत न्यूरोकायनिन-बी या रसायनाचा जनुक जोरात काम करतो. एरवी इस्ट्रोजेन हे हार्मोन या पेशींना आवरून धरतं. पाळी गेल्यावर ते ओसरलं, की त्या बेबंद होतात.

तीन रसायनांच्या आद्याक्षरांवरून या पेशींना ‘कँडी’ पेशी म्हणतात. त्यातलं एक किसपेप्टिन. त्याचा जनुक १९९६ साली अमेरिकेतल्या हर्शी गावात सापडला, म्हणून तिथल्या प्रसिद्ध ‘किसेस’ चॉकलेटचं नाव त्याला मिळालं! रात्ररात्र झोप उडवणाऱ्या पेशींचं नाव इतकं गोड.

पण या पेशींचा घामाशी काय संबंध? त्या शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतल्या केंद्राला चेतवतात, आणि ते फार हळवं होतं. भाजीवाल्याचा तराजू आठवा. त्यावर एक मिरची जास्त पडली तरी काटा हलत नाही. सराफाच्या तराजूवर मात्र नुसती फुंकर पुरते. वाफा न येणाऱ्या स्त्रियांचं शरीर सुमारे ०.४ अंश सेल्सिअसचा फरक मुकाट सोसतं. वाफा येणाऱ्यांमध्ये ही मोकळीक जवळपास शून्यावर येते, असं संशोधक रॉबर्ट फ्रीडमन यांच्या मोजमापात दिसलं. मग चहाचा एक घोट, गॅससमोरची दोन मिनिटं, आणि मेंदू हाकाटी करतो : ताप वाढला, उष्णता बाहेर फेका! त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो, आणि पाठोपाठ हुडहुडी.

उंदीर उष्णता फेकतो शेपटीतून. रान्स यांच्या गटाने मादी उंदरांमधल्या या पेशी नष्ट केल्या, तर शेपट्या थंड राहू लागल्या. शेपटीचं तापमान मोजून बायकांच्या त्रासाचं मूळ शोधणारं हे संशोधन मला फार देखणं वाटतं. २०१५मध्ये लंडनच्या संशोधकांनी पाळी चालू असलेल्या निरोगी स्त्रियांना न्यूरोकायनिन-बी टोचलं, आणि त्यांनाही वाफा आल्या. कोडं सुटलं.

त्यातूनच फेझोलिनेटंट हे औषध आलं. अमेरिकेत त्याला मे २०२३मध्ये परवानगी मिळाली. ते हार्मोन नाही, न्यूरोकायनिनची वाट अडवतं. ज्यांना हार्मोन देता येत नाहीत त्यांच्यासाठी अशा औषधांचं मोल मोठं आहे. मात्र यकृताला इजा होऊ शकते, म्हणून रक्ततपासण्या कराव्या लागतात. शिवाय ते फक्त वाफा थोपवतं. इस्ट्रोजेन गेल्यावर हाडं झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, योनीमार्ग कोरडा पडतो, त्यावर त्याचा उपयोग नाही. ‘रजोनिवृत्तीवरची गोळी’ अशी जाहिरात दिसली तर हे लक्षात ठेवा.

वाफांवर सर्वात गुणकारी आजही हार्मोनच. त्यांची दहशत बसली ती २००२ साली. अमेरिकेतल्या १६,६०८ स्त्रियांवरची मोठी चाचणी अर्ध्यात थांबवली गेली आणि ‘स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला’ ही बातमी जगभर गेली. मूळ आकडे असे होते : दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. धोका खरा होता, पण त्या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३! पन्नाशीतल्या कितीतरी जणींनी त्या भीतीपोटी वर्षानुवर्षं त्रास सोसला, याचा मला आजही राग येतो.

ताई, साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत हार्मोन सुरू केले, तर बहुतेकींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड असतं. तुम्ही त्या वयात आहात. गर्भाशय काढलेलं नसेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही लागतं, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या कधी झाल्या असतील, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी सांगा. आणि जाताना घरच्यांनाही सोबत न्या.