सूर्याचा मूड आणि शेताची मोजणी

आर्वी तालुक्यातल्या रोहण्यात किंवा तुमच्या कुठल्याही गावात शेताची मोजणी निघाली की वातावरण कसं तापतं, हे तुम्हाला सांगायला नको. बांध हातभर इकडे की तिकडे यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. पूर्वी साखळी यायची, आता भूमी अभिलेखची माणसं काठीवर बसवलेला ‘रोव्हर’ घेऊन येतात. तो उपग्रहांचे सिग्नल पकडतो आणि काही सेंटिमीटरच्या अचूकतेने जागा सांगतो. या बांधाचा संबंध सूर्यावरच्या डागांशी आहे असं कुणी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण हे ज्योतिष नाही, फिजिक्स आहे.

उपग्रहाचा सिग्नल आपल्यापर्यंत येताना आयनोस्फिअर नावाच्या विद्युतभारित थरातून येतो. सूर्यावर मोठा स्फोट झाला की हा थर खवळतो आणि सिग्नलला उशीर होतो, कधी तो तुटतोच. आपल्या भागात तर हा थर एरवीही सूर्यास्तानंतर अस्वस्थ असतो. १० आणि ११ मे २०२४ ला आलेलं सौर वादळ आठवतंय? लडाखच्या हानलेत आकाश लाल झालं आणि सगळ्यांच्या स्टोरीवर तेच फोटो होते. त्याच वेळी अमेरिकेत मक्याची पेरणी चालू होती आणि जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर शेतात उभे राहिले. त्या बातमीला आपल्याकडे फार कुणी लाइक केलं नसेल, पण खरी बातमी ती होती.

मग सूर्यावर लक्ष कोण ठेवतं? तुम्ही लगेच ‘आदित्य-एल१’ म्हणाल. बरोबर आहे; त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने तयार झालीय, अभिमान वाटायलाच हवा. पण अंतराळात गेलेल्या यंत्राचा एक स्क्रू ढिला झाला तर तो घट्ट करायला कुणी जाऊ शकत नाही. शिवाय वादळ आलं की पहिला मार तेच खातं. म्हणून जमिनीवरच्या दुर्बिणी अजून सुटीवर गेलेल्या नाहीत.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण उदयपूरचं. फतेहसागर तलावातल्या बेटावर १९७५ मध्ये सौर वेधशाळा सुरू झाली. तलावातच का? तर ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि चित्र हलतं. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसते तीच थरथर. भोवती पाणी असलं की ती कमी होते. इथे ‘गाँग’ या जागतिक साखळीतली एक दुर्बीण आहे. कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, उदयपूर, कॅनरी बेटं आणि चिली अशी सहा ठिकाणं, म्हणजे कुठे ना कुठे दिवस असतोच. उदयपूरला पावसाळ्यात ढग आले की बाकीच्या जागा कमी भरून काढतात. २०२२ च्या शेवटी हवाईतला मौना लोआ ज्वालामुखी फुटला आणि वेधशाळेकडे जाणारा रस्ता लाव्ह्याखाली गेला, तेव्हाही साखळी चालू राहिली. गंमत म्हणजे या दुर्बिणीची मुख्य भिंग जेमतेम तीन सेंटिमीटरची! तरी तिने टिपलेले सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचे नकाशे अमेरिकेतल्या अंतराळ हवामान केंद्राच्या मॉडेलमध्ये जातात. सूर्यावरची ज्वाला आपल्याला आठ मिनिटांत दिसते, पण तिच्यासोबत कधी कधी फेकला जाणारा प्लाझ्माचा ढग पोचायला साधारण पंधरा तास ते तीन दिवस लागतात. सावध व्हायला एवढाच वेळ.

आणि हो, या गोष्टीत मुंबईही आहे, तेही पहिल्या रांगेत. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून पडद्यावर सूर्याची प्रतिमा पाडून डाग काढत बसले होते. अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके चमकले आणि पाचेक मिनिटांत विझले. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ धडकलं, तारायंत्रं बिघडली. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं हाताने चुंबकीय नोंदी घेत होती. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेलं त्यांनी लिहून ठेवलं. तुलनेला, मे २०२४ च्या वादळात जगभरातल्या सरासरीची घसरण ४०० च्या आसपास होती. कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदी २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासल्या, आणि कॅरिंग्टन वादळ किती मोठं होतं याचा तो एक महत्त्वाचा पुरावा ठरला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय सुया नाचणार, म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. ते अजून चालू आहे.

आता तुमचा प्रश्न: आम्ही काय करायचं? विदर्भात आणखी काही नसेल, ऊन तर आहे. कॉलेजच्या फिजिक्स विभागात धूळ खात पडलेली छोटी लेन्सची दुर्बीण शोधा. तिच्यातून सूर्याकडे बघायचं नाही, एकदाही नाही, एक सेकंदही नाही. डोळा कायमचा जातो. फाइंडरला झाकण लावा. आयपीसमागे फूटभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरा आणि सावली बघत दुर्बीण वळवा. पुठ्ठ्यावर सूर्य उमटेल, त्यावर काळे डाग. जास्त वेळ तसंच ठेवू नका, आयपीस तापतं. आणि दुर्बिणीजवळ कुणीतरी उभं हवंच, कुणी सहज डोळा लावेल याचा नेम नाही.

मग मोजा. डागांच्या प्रत्येक गटाला दहा गुण, प्रत्येक सुट्या डागाला एक. तीन गट आणि एकूण अकरा डाग असतील तर आकडा ४१. ही रूडॉल्फ वुल्फ यांची एकोणिसाव्या शतकातली पद्धत, आणि ब्रुसेल्सची वेधशाळा आजही जगभरातून असे आकडे गोळा करते, त्यात हौशी निरीक्षकही आहेत. रोज एकाच वेळी मोजा, तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहा. ज्या दिवशी आभाळ असेल त्या दिवशी ‘ढग’ असं लिहा, जागा कोरी सोडू नका.