वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा : चक्रीवादळातून परतलेल्यांचे धडे

(आळंदी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



एका तारखेपासून सुरुवात करतो. ३ जून २०२०. कोरोनाचे दिवस. माउलींच्या पालखीचं प्रस्थान दहा दिवसांवर आलेलं, आणि यंदा वारी पायी होणार नाही हे ठरून गेलेलं. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास. मग घाट ओलांडून ते पुणे जिल्ह्यात आलं. मावळ, खेड, जुन्नरला घरांचे पत्रे उडाले, फूलशेतीची पॉलीहाऊस फाटली. श्रीवर्धन आपल्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही नाही. त्यामुळे चक्रीवादळ म्हणजे फक्त कोकणचा विषय, असं समजू नका.

आपण त्या दिवशी दारं-खिडक्या लावून बसलो. पण जगात काही माणसं अशी आहेत, की वादळ येणार म्हटलं की तिकीट काढून त्याच गावी जाऊन थांबतात. त्यांना 'स्टॉर्म चेसर' म्हणतात, वादळाचा पाठलाग करणारे. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे. त्यांचं धाडस तुम्हाला आवडावं म्हणून नव्हे. ती माणसं वाचली कशी, यात आपल्या कामाचं काही आहे, म्हणून.

ही माणसं जातात कशाला?

काही थरारासाठी जातात, हे खरंच. पण एक खरी गरजसुद्धा आहे. वादळाची ताकद मोजायची तर त्याच्या मध्यभागी हवेचा दाब किती, हे कळायला हवं. समुद्रसपाटीला हा दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कल असतो. मध्यभागी तो जितका खाली, तितकं वादळ जबर. गंमत अशी, की ज्या गावात हे मोजायचं तिथली यंत्रं नेमकी तेव्हाच मोडतात, वीज जाते, टॉवर पडतात.

म्हणून विमानं वापरतात. २७ जुलै १९४३ रोजी जोसेफ डकवर्थ या अमेरिकन अधिकाऱ्याने टेक्सासच्या किनाऱ्याजवळ एका इंजिनाचं प्रशिक्षण विमान थेट वादळाच्या डोळ्यात नेलं आणि परत आणलं. आज अमेरिकेत हे नेहमीचं काम आहे. विमानातून छोटं यंत्र छत्रीला बांधून खाली सोडतात, ते पडता पडता दाब, वारा, आर्द्रता कळवत राहतं. आपल्या समुद्रात अशी नियमित उड्डाणं होत नाहीत. आपला भर उपग्रह, डॉप्लर रडार आणि समुद्रात तरंगत्या यंत्रांवर आहे.

आधी डोळा म्हणजे काय ते बघू

चक्रीवादळ हे वाफेवर चालणारं इंजिन समजा. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं की भरपूर वाफ वर जाते. वर तिचं पाणी होताना उष्णता सुटते, त्याने हवा आणखी वर जाते, खाली दाब कमी होतो आणि आजूबाजूची हवा आत धाव घेते. पृथ्वी फिरते म्हणून ही हवा सरळ न येता गोल फिरते. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

मध्यभागी असतो तो डोळा. तिथे वारा जवळजवळ पडतो, कधी ऊनही दिसतं. पण त्याच्या भोवती ढगांची भिंत असते आणि सगळ्यात भयंकर वारा त्या भिंतीत असतो. म्हणजे डोळा डोक्यावरून गेला तर काय होतं? आधी भिंत, मग शांतता, मग पुन्हा भिंत, आणि या वेळी वारा उलट्या दिशेने. शांतता झाली म्हणून लोक बाहेर येतात आणि सापडतात.

पहिला धडा : शांतता म्हणजे शेवट नव्हे

१ सप्टेंबर २०१९. बहामा बेटांवर डोरियन नावाचं वादळ आलं. वाऱ्याचा वेग ताशी २९५ किलोमीटर. जॉश मॉर्गरमन हा चेसर मार्श हार्बर या गावात, टेकाडावरच्या एका शाळेत थांबला होता. इमारत काँक्रीटची, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. तरी भिंत आली तशी इमारत निकामी होत गेली. लहान मुलांना पांघरुणात गुंडाळून लोक बसले होते. मग डोळा आला.

आता या माणसाला ठाऊक होतं, की हा शेवट नाही, हा मध्यंतर आहे. त्या थोड्या वेळात तो आणि इतर लोक जास्त मजबूत अशा सरकारी इमारतीत पोहोचले. बाकीचं वादळ तिथे काढलं. दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता, लोकांनी आशा सोडली होती. तो परतला तेव्हा त्याच्याकडे दाबाची नोंद होती, ९१३ च्या आसपास. अशा नोंदी शास्त्रज्ञांना पुढे उपयोगी पडतात.

दुसरा धडा : मारतं ते पाणी

त्याच्या सहा वर्षं आधी, ८ नोव्हेंबर २०१३. फिलिपाइन्समधलं टॅक्लोबान शहर, वादळ हैयान. मॉर्गरमन, जेम्स रेनॉल्ड्स आणि मार्क थॉमस हे तिघे एका हॉटेलात होते. वाऱ्यासाठी जागा भक्कम होती. पण समुद्र शहरात शिरला, आणि तळमजल्यावरच्या खोल्यांत लोक अडकले. या तिघांनी कॅमेरे बाजूला ठेवले, गाद्यांचे तराफे केले आणि लोकांना बाहेर काढलं. त्यात थॉमसच्या पायाला मोठी जखम झाली. देशभरात सरकारी आकड्याप्रमाणे ६,३०० माणसं गेली.

आता नीट ऐका. इशारा दिला नव्हता का? दिला होता. 'स्टॉर्म सर्ज' येणार, असं सांगितलं होतं. पण हा शब्द कित्येकांना कळलाच नाही. सुनामी म्हणाला असतात तर आम्ही पळालो असतो, असं नंतर लोक म्हणाले. इशारा खरा होता, शब्द परका होता. त्या एका शब्दापायी माणसं घरात बसून राहिली.

हे पाणी चढतं कसं? दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. शंभरने उतरला तर एक मीटर. पण मोठा वाटा वाऱ्याचा. तो पाणी ढकलत उथळ किनाऱ्यावर आणतो आणि तिथे त्याला जायला जागा नसते. त्यात अमावस्या-पौर्णिमेची भरती असेल तर आणखी भर. 'निसर्ग' आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. कोकणात याला आपला शब्द आहे, उधाण. 'वादळाचं उधाण गावात शिरेल' म्हटलं तर आजीलासुद्धा कळेल. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय, हे कोळ्याला सांगावं लागत नाही. इशारा असा हवा.

अरबी समुद्रातली रात्र

१७ मे २०२१. तौक्ते वादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा बार्ज होता, कामगारांना राहायचा तराफाच म्हणा. त्यावर २६१ माणसं. इशारा आधी आलेला होता, तरी तो बार्ज समुद्रातच थांबला. नांगर तुटले, तो वाहत गेला आणि बुडाला. नौदलाने १८६ जणांना वाचवलं. खवळलेल्या पाण्यात, अंधारात लाइफ जॅकेटवर तरंगत माणसं तासन् तास टिकली. पण सत्तरच्या आसपास परतली नाहीत.

ही माणसं चेसर नव्हती. पोटासाठी गेली होती. चेसर ठरवतो कुठे थांबायचं. कामगाराला दुसरा कुणी तरी ठरवून देतो. म्हणून इशारा समजण्याची जबाबदारी फक्त कामगाराची नाही, त्याला तिथे ठेवणाऱ्याचीही आहे.

चेसर मंडळींत एक सूत्र आहे, आणि किनाऱ्यावरच्या आपत्ती व्यवस्थापनाचंही तेच : वाऱ्यापासून लपायचं, पाण्यापासून पळायचं. वाऱ्याला पक्की भिंत पुरते. पाण्याला उंचीच लागते, आणि ती आधी गाठावी लागते.

श्रोत्यांचे प्रश्न

*निसर्गच्या वेळी मुंबई कशी वाचली?*

दिशेमुळे. वारा घड्याळाच्या उलट फिरतो. आपल्या किनाऱ्यावर वादळ चढतं तेव्हा त्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे जातो. मुंबई उत्तरेला पडली. श्रीवर्धन-मुरुडच्या सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड पुन्हा लावलं तर फळ धरायला काही वर्षं जातात. मुंबईची सुटका आणि त्यांचं नुकसान, एकाच वादळाच्या दोन बाजू.

*मी चाकणला कामाला आहे. आमच्या शेडला पत्रे आहेत. काय करावं?*

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. साठचा एकशेवीस झाला, की चौपट. पत्रा वरून ओढला जातो, आणि मोठं शटर उघडं असेल तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. म्हणून वादळाच्या आधीच शटर बंद हवं, सैल पत्रे-पाइप बांधलेले हवेत. आणि माणसं शेडमध्ये नकोत, स्लॅबच्या इमारतीत, आतल्या खोलीत हवीत. हे सुपरवायझरला आजच विचारा, त्या दिवशी नको.

*आळंदीला समुद्र नाही. मग पाण्याची भीती कशाला?*

समुद्र नाही, पण इंद्रायणी आहे. पूर आला की घाटावरचं भक्त पुंडलिकाचं मंदिर पाण्यात जातं, आणि आपण ते बघायला पुलावर गर्दी करतो. १५ जून २०२५ ला याच नदीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चौघांचा जीव गेला. चेसर मंडळी वादळ बघायला जातात, पण बाहेर पडायचा रस्ता आधी शोधून ठेवतात. आपण नुसते बघायला जातो. पाणी चढताना बघत उभं राहायचं नसतं. पाठ फिरवून वर जायचं.

थांबतो.