चामखिळीचे सख्खे भाऊबंद

"कुरूप झालंय, काढून टाका," म्हणत काकूंनी टाच पुढे केली. कसब्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी ब्लेडने वरची राठ कातडी हलक्या हाताने तासली, आणि खाली मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसू लागले. कुरूप असतं तर त्वचेच्या रेषा त्यावरून सलग गेल्या असत्या. इथे त्या कडेलाच तुटल्या होत्या. ठिपके म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या. ही चामखीळ होती. उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन लावताच जागा पांढरीफटक पडली. घोड्याचा केस बांधणं किंवा चुना लावणं अजूनही घरोघरी चालतं. मधुमेह असलेल्याच्या पायाशी असा खेळ मुळीच नको.

चामखीळ होते ती एचपीव्ही या विषाणूमुळे. बारीकशा ओरखड्यातून तो त्वचेच्या तळच्या थरात शिरतो, पेशींबरोबर वर सरकतो आणि मृत कातडीबरोबर गळून दुसऱ्याला लागतो. रक्तात उतरत नाही, म्हणून शरीराला त्याची चाहूल उशिरा लागते. त्याचे 200हून अधिक प्रकार आहेत. टाचेवरचे निरुपद्रवी, 6 आणि 11 मुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के 16 आणि 18 मुळे होतात.

या चारही प्रकारांवरची 'सर्व्हाव्हॅक' लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी 2023मध्ये बाजारात आणली. तिच्यात विषाणूचं नुसतं प्रथिनाचं कवच असतं, जनुकं नसतात. पण मला जास्त मोलाची वाटते ती त्याआधीची गोष्ट. 2009मध्ये देशातल्या नऊ केंद्रांवर मुलींना एचपीव्हीची लस देऊन दोन आणि तीन डोसांची तुलना सुरू झाली. पुणे आणि बार्शी त्यांत होती. याच लसीच्या दुसऱ्या एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि एप्रिल 2010मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं, 16 आणि 18च्या चिवट संसर्गापासून एका डोसचं संरक्षणही तितकंच पक्कं होतं. 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलीही आहेत.

आधीच झालेला संसर्ग मात्र लसीने जात नाही. म्हणून लेकीला लस देणाऱ्या आईने तिशीनंतर स्वतःची तपासणी करून घ्यायलाच हवी. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. नमुना घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.